दोरी बदलली, हात बदलला का?

नार्वे गावी फेरीबोटीच्या धक्क्यावर सायंकाळी उभे राहिले, की समोर दिवाडी बेट दिसते आणि मधून मांडवी संथपणे वाहत असते. गंमत अशी, की पलीकडच्या काठावरील वस्तीचे नावही नार्वेच आहे. सोळाव्या शतकात सप्तकोटेश्वराचे दैवत दिवाडीहून अलीकडे आणले गेले आणि त्याच्याबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून आले, असे जुनी माणसे सांगतात. १६६८ साली शिवाजी महाराजांनी ज्या देवळाचा जीर्णोद्धार करविला, ते हेच सप्तकोटेश्वराचे देऊळ. नावे जशी नदी ओलांडून येतात, तशा वस्तूही समुद्र ओलांडून येतात. आज अशाच एका वस्तूविषयी आम्ही लिहिणार आहोत.

वस्तू लहानशी आहे: मासे गरवण्याची दोरी. हा काय लेखाचा विषय, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या घरात संध्याकाळच्या हुमणाची भिस्त पुष्कळदा बांधावर गरी घेऊन बसलेल्या माणसावर असते, त्या घरात हा विषय लहान नव्हे. शिवाय या दोरीपायी आमच्या ओळखीच्या एका घरात सहा महिने बाप आणि मुलगा एकमेकांशी धड बोलत नव्हते.

शुभवर्तमानात जाळ्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. गळाची मात्र एकच, मत्तयाने सांगितलेली, पेत्राला गळ टाकावयास पाठविले ती. दोरी कशाची होती हे मत्तयाने लिहून ठेवले नाही. ठेवले असते, तर हा वाद आमच्यापर्यंत येताच ना!

बाप साठी ओलांडलेला. खाजनाच्या बांधावर, मानशीच्या तोंडाशी, जन्मभर हातानेच गरवणारा. त्याची दोरी म्हणजे आपली नेहमीची तंगुसाची, नायलॉनच्या एकाच जाड तंतूची. मुलगा बोटीवर नोकरीला. गेल्या रजेत तो एक काठी, एक बेटकास्टिंग रीळ आणि त्या रिळावर भरावयाची विणलेली दोरी घेऊन आला. बापाने ती दोरी बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, "पुता, हा तर शिवणाचा दोरा. यावर चोणक यायचा नाही." मुलगा हसला. आम्हाला दोघांनीही वेगवेगळे गाठून विचारले, "फादर, खरे कोणाचे?"

खरे कोणाचे हे सांगण्यापूर्वी दोन्ही दोऱ्यांची कुळकथा पाहू.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेत द्यु पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली जन्मास आले आणि १९३९ पासून त्याची मासेमारीची दोरी बाजारात येऊ लागली. त्यापूर्वी लोक रेशीम, ताग, कापूस यांच्या पिळलेल्या किंवा विणलेल्या दोऱ्या वापरीत. म्हणजे विणलेली दोरी ही कल्पना मुळीच नवी नाही. नवा आहे तो तिचा धागा. हा धागा पॉलिथिलीनचा. आपल्या बाजारच्या पिशव्याही त्याच कुळातल्या. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास या पदार्थाचे अतिशय लांब रेणू एका दिशेने ओढून सरळ करण्याची रीत काढली. अस्ताव्यस्त पडलेल्या काड्या मोडतात. त्याच एका दिशेने जुळवून मोळी बांधली की मोडत नाहीत. तसेच हे. १९९० मध्ये हेर्लेन येथे कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत असे चार किंवा आठ धागे वेणीसारखे गुंफून मासेमारीच्या दोऱ्या होऊ लागल्या.

आता गुणदोष. तीस पौंड ओढ सहन करणारी विणलेली दोरी जाडीने जेमतेम आठ पौंडांच्या तंगुसाएवढी असते. म्हणून रिळावर ती अधिक मावते आणि वारा व प्रवाह तिला कमी ओढतात. नायलॉन तुटण्यापूर्वी दहा ते तीस टक्के ताणले जाते. विणलेली दोरी तीन-चार टक्केच. त्यामुळे पन्नास हातांवर माशाने गळ नुसता हुंगला, तरी बोटाला कळते. नायलॉन थोडे पाणी पिते, उन्हाने कमकुवत होते आणि रिळावर राहून त्याला वेटोळ्यांची सवय लागते. विणलेल्या दोरीला यातले फारसे काही होत नाही. एका टोकाला झिजली तर उलटी गुंडाळून ती पुन्हा वापरता येते.

इथपर्यंत मुलगाच जिंकला, असे वाटेल. पण बापाचीही बाजू ऐकली पाहिजे. जी दोरी ताणत नाही, ती क्षमाही करत नाही. मोठा चोणक पाण्याबाहेर उसळून डोके झाडतो, तेव्हा नायलॉन तो हिसका स्वतःच्या अंगावर घेते. विणलेली दोरी तो हिसका जसाच्या तसा गळाला आणि काठीला देते. गळ मांस फाडून निघतो, नाहीतर काठी मोडते. मुलाने पहिल्या आठवड्यात असे तीन चोणक घालविले. त्याने रिळाचा ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात तो, तंगुसाच्या सवयीने घट्ट ठेवला होता. तो थोडा सैल करताच चौथा मासा काठावर आला.

दुसरे असे, की आपल्या नदीकाठी जांभा दगडाचे बांध आहेत, त्यांना कालवे चिकटलेली आहेत, खारफुटीची मुळे आहेत. सरळ ओढीला बळकट असलेली ही बारीक दोरी धारेवर घासली, की धागाधागा करून तुटते. चोणकाच्या कल्ल्याची कडही सुरीसारखी असते. तिथे जाड, गुळगुळीत तंगूस कितीतरी अधिक टिकतो.

रिळाविषयीही सांगितले पाहिजे. बेटकास्टिंग रिळात दोरी फेकताना चाक स्वतः गरगर फिरते. शिसे किंवा लाकडी मासोळी हवेत मंदावली तरी चाक वेगातच असते. अंगठ्याने ते वेळेवर आवरले नाही, तर दोरी बाहेर जाण्याऐवजी आतच उसळते आणि पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. आम्हीही एकदा धक्क्यावर, फेरीची वाट पाहणाऱ्या मंडळींच्या देखत, तो पराक्रम करून दाखविला. तंगुसाचा गुंता बोटांनी सुटतो. विणलेल्या दोरीचा सोडविताना आमची प्रार्थनेची वेळ टळली. शिवाय चाक एकाएकी अडले, की न ताणणारी दोरी तटकन तुटते आणि महागडी मासोळी एकटीच दिवाडीला जाते.

आता त्या घरातील मुख्य गोष्ट. एके दिवशी ओहोटीच्या वेळी मुलाचा गळ मानशीजवळ मुळांत अडकला. तो सुरी आणावयास घरी गेला. बापाला वाटले, एवढ्यासाठी सुरी कशाला? त्याने पन्नास वर्षांच्या सवयीने दोरीचे दोन वेढे तळहाताला घेतले आणि अंग मागे टाकून ओढली. चिखलात पाय घसरला आणि शरीराचा सगळा भार त्या दोन वेढ्यांवर आला. तंगूस असता तर तळव्यावर लाल वळ उठला असता. ही दोरी मधल्या बोटात शिरापर्यंत गेली. टाके पडले, जखम भरली, पण ते बोट आजही पुरते मिटत नाही.

त्यानंतर बापाने गरी माळ्यावर टाकली. मुलाने रीळ पेटीत कोंडले. बाप म्हणे, "तुझ्या दोरीने माझा हात नेला." मुलगा तोंडाने काही बोलत नसे, मात्र आमच्याकडे येऊन तो रडला. "फादर, मी त्यांना दोरी दाखविली, रीळ दाखविले, किंमतसुद्धा सांगितली. हाताला गुंडाळू नका एवढेच सांगितले नाही. ज्यांनी मला गरवायला शिकविले, त्यांना मी काय सांगायचे, असे वाटले."

वाचकहो, या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. नवी वस्तू घरात आणणारा तरुण तिचे गुण मोठ्या हौसेने सांगतो. तिचे भय सांगावयास मात्र संकोचतो, कारण ते वडिलांना शिकविल्यासारखे होईल असे त्याला वाटते. आणि वडील विचारावयास संकोचतात, कारण ते मुलाकडून शिकल्यासारखे होईल. दोघांच्या या संकोचाच्या फटीतूनच अपघात आत येतो. गॅसची शेगडी असो, फवारणीचे औषध असो की मोटारसायकल असो, वस्तूबरोबर तिची रीतही हाती दिली पाहिजे. ती न सांगणे हा आदर नव्हे.

यास्तव ज्यांना तंगूस सोडून विणलेली दोरी घ्यावयाची आहे, त्यांच्यासाठी ही रीत आम्ही येथे लिहून ठेवतो. रिकाम्या चाकावर आधी थोडा जुना तंगूस गुंडाळावा आणि त्यावर विणलेली दोरी जोडावी. एरवी ती गुळगुळीत चाकावर घसरते आणि सगळी दोरीच गरगर फिरते. भरताना ती ओल्या फडक्यातून ताणून भरावी; सैल भरली तर ओढ पडताच वरचा फेरा खालच्या फेऱ्यांत रुततो. बेटकास्टिंग रिळासाठी तीस पौंडांहून बारीक दोरी घेऊ नये, कारण बारीक दोरी अधिक रुतते. तंगुसाची नेहमीची गाठ हिला चालत नाही, सुटते. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून घ्यावी, साधी सैल गाठ मारावी, राहिलेल्या फासातून सबंध गळ काढावा आणि ओले करून ओढावे. ड्रॅग सैल ठेवावा. अडकलेली दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. लाकडाच्या तुकड्याला वेढे देऊन, पाय घट्ट रोवून, सरळ मागे ओढावी. सुरी नेहमी जवळ ठेवावी. आणि दोरीच्या शेवटी दोन-तीन हात जाड तंगूस जोडावा, म्हणजे दगड, कालवे आणि चोणकाचे कल्ले यांच्याशी गाठ त्याची पडेल. तो तुकडा मुख्य दोरीहून थोडा कमी बळाचा ठेवला, तर अडकल्यावर तोच तुटतो आणि लांबच लांब दोरी पाण्यात राहत नाही.

ही शेवटची गोष्ट हलकी समजू नये. दोन्ही दोऱ्या कुजत नाहीत. या पाण्यात पाणमांजरे आहेत, पाणकावळे आहेत, कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत. टाकलेली दोरी त्यांच्या पायांत आणि गळ्यांत अडकते. तुटलेले तुकडे खिशात घालून घरी आणावेत. जुना तंगूस दोडक्याच्या मांडवाला उत्तम.

आणि ज्याच्यापाशी रीळ नाही, जो हातानेच गरवतो, त्याने तंगूसच ठेवावा. विणलेली दोरी कितीतरी महाग पडते आणि उघड्या हातासाठी ती केलेलीच नाही. यात कमीपणा कसला?

राहिला तो बाप-मुलाचा निवाडा. मुलगा पुन्हा बोटीवर जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगा ओसरीवर दोरी जोडीत बसला होता. टोकाला तंगूस बांधावयाचा होता आणि दोन वेगळ्या जातींच्या दोऱ्यांची गाठ त्याला साधत नव्हती. बाप बराच वेळ दारातून पाहत राहिला. मग खाली बसला आणि मुलाच्या हातून दोन्ही टोके घेतली. न मिटणारे बोट बाजूला ठेवून त्याने वेढे दिले, दातांत धरून ओढले आणि गाठ मुलापुढे केली. मुलाने ताणून पाहिली. ती सुटली नाही.

"रिळावर तुझी," बाप म्हणाला, "आणि माशाच्या तोंडाशी माझी."

आम्हाला वेगळा निवाडा द्यावा लागला नाही.