आमच्याच घराला पडदा का नको?

परवा जुम्याची नमाज आटोपून मशिदीच्या पायऱ्यांवर चपला शोधत होतो. बाजारातल्या एका बुजुर्गांनी, ज्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो, मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, तुमच्या घरी म्हणे व्हीपीएन चालतं. काढून टाका, बेटा. आपल्या नावाला ते परवडत नाही. उद्या कुठे काही झालं तर पहिला दरवाजा कुणाचा वाजेल?" चाचा हे आमच्या दखनीत बोलले, मी मराठीत लिहितोय. पण त्यातली काळजी कुठल्याही भाषेत तेवढीच खरी आहे.

मला प्रश्न पडला, हे चाचांना कळलं कसं? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं. मग लक्षात आलं. जुलैच्या धो धो पावसात आमच्याकडे दिवसातून चार वेळा लाईट जात होती. एका संध्याकाळी लाईट आली, राउटरचे सगळे दिवे हिरवे झाले, पण घरात एकाही फोनवर नेट चालेना. मी तक्रार नोंदवली. रेनकोट घातलेला एक पोरगा आला, तार तपासली आणि म्हणाला, "सर, लाइन ओके आहे. तुमच्या राउटरमध्ये व्हीपीएन आहे, त्याने अडवलंय." त्याचं निदान बरोबर होतं. चूक माझी होती, ती पुढे सांगतो. पण तो पोरगा गेला आणि बातमी बाजारात पोचली: उर्दूच्या सरांच्या घरी व्हीपीएन आहे.

म्हणजे बघा. नेट दुरुस्त करायला आलेला माणूस माझ्या घरातली गोष्ट चहाच्या टपरीवर सांगतो, ती फिरत फिरत मशिदीच्या पायरीवर येते, आणि तिथे सल्ला काय मिळतो? पडदा काढून टाका! घरात डोकावणाऱ्याला कुणी बोलत नाही. पडदा लावणाऱ्याला मात्र जाब विचारला जातो. या उलट्या न्यायाविरुद्ध हा लेख आहे.

आधी हे व्हीपीएन काय आहे ते शिक्षकाच्या सवयीने सांगतो. तुमच्या फोनमधून जे काही बाहेर जातं, ते आधी नेट पुरवणाऱ्याच्या यंत्रातून जातं. हल्ली बहुतेक वेबसाइट कुलूपबंद असतात, त्यामुळे तुम्ही आत काय वाचलं ते त्याला दिसत नाही. पण कोणत्या वेबसाइटवर गेलात, किती वाजता, किती वेळ, हे साधारणपणे दिसतं. पाकिटातलं पत्र बंद, पण पाकिटावरचा पत्ता उघडा, तसं. व्हीपीएन हे पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून आपल्या सर्व्हरकडे पाठवतं. नेटवाल्याला फक्त त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. एवढंच. यात जादू नाही आणि गुन्हाही नाही.

आता कुणी म्हणेल, वाईट काही करत नसाल तर लपवता कशाला? माझ्या घरात काय शोधलं जातं ते सांगतो. आईच्या आजारपणात आम्ही रात्र रात्र त्या रोगाविषयी वाचलं. घराच्या कर्जाचे हप्ते कुठे कमी पडतील ते पाहिलं. बहिणीच्या मुलीसाठी स्थळं पाहिली. यातलं काय गुन्हा आहे? पण यातलं काय बाजारात सांगण्यासारखं आहे? लाज आणि गुन्हा, खासगी आणि काळंबेरं, यांत फरक आहे. संडासाचं दार लावणारा माणूस आत बॉम्ब बनवत नसतो.

आणि हाच सल्ला चाचा इतरांना देतात का? तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी किती तरी पोरं राहतात. घरून काम करायचं असलं की सकाळी उठून पहिली गोष्ट करतात, कंपनीचं व्हीपीएन लावतात. त्यांना कुणी संशयित म्हणत नाही, उलट लग्नाच्या बाजारात भाव वाढतो. तंत्र तेच आहे. कंपनीची गुपितं राखायला वापरलं तर नोकरी, आणि आईचा आजार खासगी ठेवायला वापरलं तर संशय!

सरकारी नियमातही हाच भेद आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, दिलेला आयपी पत्ता आणि सेवा घेण्याचं कारण, असा तपशील किमान पाच वर्षं जपून ठेवावा. मे महिन्यात सरकारनेच प्रश्नोत्तरं प्रसिद्ध करून खुलासा केला की कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. म्हणजे नोंद ठेवायची ती घरगुती ग्राहकाची. तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन अशा कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. पण याचा अर्थ व्हीपीएन बेकायदा ठरलं असा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी तात्पुरत्या बंदीचे आदेश काढले आहेत, पण पुणे जिल्ह्यात घरी व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. व्हीपीएनआडून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.

उलट २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि आपल्याला तर न्यायालयाच्या आधी कुरआनने सांगितलं आहे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करायला मनाई आहे. सूरह नूरमध्ये परवानगी आणि सलाम यांशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायला मनाई आहे. हजरत उमर (रजि.) यांचा एक किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. रात्रीच्या गस्तीत त्यांनी एका घरातून आवाज ऐकला, भिंतीवरून आत उतरले आणि घरमालकाला गुन्हा करताना पकडलं. तो म्हणाला, माझा एक गुन्हा, तुमचे तीन: तुम्ही टेहळणी केलीत, दाराने आला नाहीत आणि सलाम केला नाहीत. खलिफा निरुत्तर झाले आणि परत गेले. हा किस्सा व्याख्यानात सांगून डोळे पुसणारे आपण, घराच्या भिंतीचा प्रश्न आला की इतके का घाबरतो?

चाचांची भीती मी खोटी ठरवत नाही. नाव पाहून भाड्याने घर नाकारलं जातं ते मी अनुभवलं आहे. पण या भीतीला उत्तर म्हणून आपण स्वतःलाच जास्त उघडं करत गेलो, तर संशय कमी होत नाही. होते ती फक्त आपल्याला झुकायची सवय.

आणि मनाईने काय साधतं ते माझ्या वर्गात पाहा. घरी 'व्हीपीएन नको' म्हणून बजावलेल्या पोरांच्या फोनमध्ये फुकटची दोन-दोन व्हीपीएन ॲप निघतात. कशासाठी? बंदी आलेला गेम, अडवलेली साइट. बापाला पत्ता नाही. चोरून वापरायचं म्हणून फुकटचं घेतलं आणि फुकटचं म्हणून सर्वांत वाईट घेतलं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओच्या संशोधकांनी इतरांबरोबर मिळून २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲप तपासली. ३८ टक्के ॲपमध्ये घातक प्रोग्रॅमच्या खुणा सापडल्या आणि १८ टक्के ॲप माहिती कुलूपबंद करतच नव्हती. 'होला'ची फुकट सेवा वापरणाऱ्यांचं नेट कंपनी तिसऱ्यालाच विकत होती, हे २०१५ मध्ये उघड झालं. फेसबुकच्या मालकीचं 'ओनावो' स्वतःला संरक्षक म्हणवत होतं आणि लोक कोणती ॲप किती वापरतात ते मालकाला कळवत होतं. त्याबद्दल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना एकूण दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. नेटवाल्यापासून लपवलेलं सगळं तुम्ही या ॲपच्या हाती देता. घराची किल्ली शेजाऱ्याला द्यायची नाही म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला दिली, असा हा प्रकार.

म्हणून माझं म्हणणं आहे, वापरा, पण उघडपणे आणि पारखून. मी निवडताना चार प्रश्न विचारले. पहिला, या कंपनीचं पोट कशावर चालतं? ग्राहकाच्या पैशांवर चालत असेल तर ठीक. प्रोटॉनसारखी कंपनी पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर मर्यादित फुकट सेवा देते, ती अपवाद. दुसरा, नोंदी ठेवत नाही हा दावा कुणी तपासला आहे का? बाहेरच्या संस्थेचा तपासणी अहवाल आहे का? एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन मुलवाड या कंपनीत गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण ग्राहकांची माहिती साठवलेलीच नव्हती. दावा असा कसाला लागतो. तिसरा, वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन या खुल्या पद्धती आहेत का? चौथा, एक महिन्याचे पैसे भरून पाहता येतं का? दोन वर्षांची सवलत पाहून पहिल्याच दिवशी पैसे अडकवू नका. तुमच्या गावच्या लाइनवर ते चालतं का, हे महिनाभरात कळतं.

आता माझी चूक. नेटवाल्याच्या डब्यामागे मी स्वतःचा राउटर लावला आहे आणि व्हीपीएन त्यातच बसवलं आहे, म्हणजे सगळ्या घराला एकच पडदा. त्यात 'किल स्विच' चालू होता. व्हीपीएन तुटलं तर उघड्यावर काही जाऊ नये म्हणून तो सगळं नेटच बंद करतो. लाईट गेली की अशा राउटरचं घड्याळ मागे जातं, कारण त्यात बहुधा बॅटरी नसते. तारीख चुकली म्हणून व्हीपीएनने ओळखपत्र नाकारलं. आणि बरोबर वेळ विचारायला नेट हवं, तर ते किल स्विचने अडवलेलं! दोघं एकमेकांच्या दारात अडकले. उपाय सोपा होता. राउटरच्या पानावर जाऊन तारीख नीट केली आणि नंतर राउटरला छोटा बॅकअप घेतला. लोणावळ्याच्या पावसाळ्यात तो हवाच.

तुमच्याकडे अडलं तर हा क्रम ठेवा. आधी व्हीपीएन बंद करून नेट आहे का पाहा. मग तारीख-वेळ. मग दुसरा सर्व्हर. अमेरिकेपेक्षा सिंगापूर जवळ, म्हणून वेग बरा. जोडलंच जात नसेल तर ओपनव्हीपीएन टीसीपीवर, पोर्ट ४४३ वर लावून पाहा. जोडलं जातं पण काही पानं अर्धवट उघडतात, असं असेल तर सेटिंगमधला एमटीयू १२८० पर्यंत उतरवा. फोनवर सारखं तुटत असेल तर बॅटरी बचतीतून ते ॲप वगळा. बँकेचं ॲप अडलं तर तेवढं ॲप व्हीपीएनबाहेर ठेवा. बँकेला तुम्ही परदेशातून आल्यासारखे दिसता, त्यात तिचा दोष नाही.

आणि पडद्याला किल्ला समजू नका. गुगलवर आपल्या खात्याने आत गेलात तर गुगल तुम्हाला ओळखतंच. ओटीपी स्वतःच्या तोंडाने सांगितला तर कोणतंही व्हीपीएन वाचवणार नाही. पैसे गेले तर तातडीने १९३० ला फोन करा. आपल्या लेकीबाळींचे फोटो चोरून 'सुल्ली डील्स' आणि 'बुल्ली बाई'वर लिलावाला लावले, तेव्हाही व्हीपीएन कामाला आलं नसतं. असले गुन्हेगार अशाच साधनांआड लपतात, म्हणून ती बंद करा, असं काही जण म्हणतात. पण पहिली तक्रार जुलै २०२१ ची, ॲप बनवणाऱ्याची अटक जानेवारी २०२२ ची. दुसरं प्रकरण १ जानेवारी २०२२ चं, आणि मुंबई पोलिसांनी आठवड्याच्या आत अटका केल्या. त्या सहा महिन्यांत तंत्र बदललं नव्हतं. पकडायचं ठरवलं की पकडता येतं. त्यासाठी करोडो घरांचे पडदे ओढायची गरज नसते.

हे सगळं मी चाचांना पायरीवर उभ्या उभ्या सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "चाचा, तुमच्या नातवाचा फोन एकदा माझ्याकडे पाठवा." रविवारी नातू आला. फोनमध्ये तीन फुकटची व्हीपीएन होती. एकाने संपर्क यादी वाचायची परवानगी घेतलेली होती आणि त्या यादीत सगळं खानदान होतं. तिन्ही काढली. मग चाचांना फोन लावून दिला आणि त्यालाच सांगितलं, आता आजोबांना समजाव, काय काढलं आणि का.