सहवैमानिकाचा इशारा आणि कॉकपिटमधील ज्येष्ठता

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान पठारावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि विमानातील १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. ७ ऑगस्ट २०२० रोजी त्याच कंपनीचे, त्याच बनावटीचे आणि दुबईहूनच निघालेले विमान कोझिकोड येथील तशाच पठारावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. त्यात दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही विमानांत सहवैमानिकाने धोका वेळीच ओळखला होता आणि उतरणे सोडून पुन्हा वर झेपावण्याचा, म्हणजे ‘गो अराउंड’चा, इशाराही दिला होता. विमान मात्र दोन्ही वेळा मुख्य वैमानिकाच्या मर्जीनुसारच खाली आले.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या दुर्घटनेत २६० जणांचा बळी गेल्यानंतर देशातील उड्डाणसुरक्षेची चर्चा नव्याने सुरू झाली. त्या दुर्घटनेच्या प्राथमिक अहवालात कोणावरही जबाबदारी निश्चित करण्यात आलेली नसल्याने तिचा या विवेचनाशी संबंध जोडणे उचित ठरणार नाही. मंगळूर आणि कोझिकोडचे चौकशी अहवाल मात्र पूर्ण झालेले आहेत. यंत्रातील बिघाडापेक्षा माणसामाणसांतील अधिकाराचे अंतर किती घातक ठरू शकते, याचा तो अधिकृत दस्तऐवज आहे.

मंगळूर दुर्घटनेची चौकशी हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील न्यायालयीन स्वरूपाच्या समितीने केली. मुख्य वैमानिक परदेशी नागरिक होते आणि त्यांच्या गाठीशी उड्डाणाचा १०,००० तासांहून अधिक अनुभव होता. प्रवासाचा बराच काळ ते झोपेत होते आणि जागे झाल्यानंतरही त्यांच्यावर झोपेचा अंमल होता, असा निष्कर्ष समितीने काढला. विमान आवश्यकतेपेक्षा बऱ्याच उंचीवरून आणि वेगाने खाली येत होते. कॉकपिटमधील यंत्रणा धोक्याच्या सूचना देत होती. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ सुचविले. सुमारे ८,००० फूट लांबीच्या धावपट्टीवर विमानाची चाके टेकली तेव्हा ५,००० फुटांहून अधिक धावपट्टी मागे पडली होती.

सहवैमानिकाने स्वतः ताबा का घेतला नाही? समितीने याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. सहवैमानिकाला ‘गो अराउंड’ सुरू करण्याचा अधिकार देणाऱ्या निरनिराळ्या सूचनांमध्येच संदिग्धता होती आणि बहुधा त्यामुळेच तो वारंवार सांगत राहिला, पण नियंत्रण हाती घेऊ शकला नाही, असे समितीने कारणमीमांसेत नमूद केले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, बोलण्याची मुभा होती. बोललेले अमलात आणण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे त्याला निश्चित ठाऊक नव्हते.

दहा वर्षांनंतर कोझिकोड येथे ही सबब शिल्लक राहिली नव्हती. विमान अपघात अन्वेषण विभागाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, मुख्य वैमानिकाने अस्थिर अवस्थेत उतरणे चालू ठेवले आणि सहवैमानिकाने ताबा घेऊन ‘गो अराउंड’ केले नाही, असे दोन्ही दोष संभाव्य कारणांत नोंदविले. ताबा घेणे हे सहवैमानिकाचे कर्तव्य होते, असेच त्यातून सूचित होते. करोना साथीत ‘वंदे भारत’ मोहिमेखाली परदेशस्थ भारतीयांना घेऊन येणारे ते विमान होते. पाऊस कोसळत होता, मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता, वारा पाठीमागून होता आणि उतरण्याचा पहिला प्रयत्न आधीच सोडून द्यावा लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून निघणाऱ्या विमानासाठी याच मुख्य वैमानिकांची नेमणूक झालेली होती आणि तेथे मुख्य वैमानिकांची कमतरता होती. तेथेच उतरण्याचा अवाजवी आग्रह त्यातून निर्माण झाला, असेही अहवाल सांगतो.

मुख्य वैमानिक हवाई दलातील माजी अधिकारी होते. त्यांचाही अनुभव १०,००० तासांहून अधिक, तर सहवैमानिकाचा २,००० तासांहूनही कमी होता. सहवैमानिकाने आधी काहीशा मोघम, प्रमाणित नसलेल्या शब्दांत लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आणि अखेरीस ‘गो अराउंड’ म्हटले. ठाम भूमिका घेण्याचा अभाव आणि कॉकपिटमधील अधिकाराची तीव्र उतरंड यांमुळे, परिस्थितीचे गांभीर्य पुरते जाणवूनही त्याने ताबा घेतला नाही, असे अहवालात म्हटले आहे. यासंबंधीचे प्रशिक्षण परिणामकारक नव्हते, हा ठपका त्या वेळी सरकारी मालकीच्या असलेल्या कंपनीवरही ठेवण्यात आला. दहा वर्षांत नियमांची संदिग्धता कारणांच्या यादीतून गेली, उतरंड मात्र तशीच राहिली.

अशा घटनांचे खापर राष्ट्रीय संस्कृतीवर फोडण्याची प्रथा आहे. आशियाई समाजात वडीलधाऱ्यांपुढे बोलत नाहीत, म्हणून आशियाई कॉकपिट धोकादायक, अशी मांडणी १९९७ मध्ये गुआम येथे झालेल्या कोरियन विमानाच्या अपघातानंतर विशेष लोकप्रिय झाली. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून ‘सत्तेतील अंतरा’चा जो निर्देशांक तयार केला, त्याचा आधार त्यासाठी घेतला जातो. त्यात भारत ७७, दक्षिण कोरिया ६०, अमेरिका ४० आणि नेदरलँड्स ३८ असे अंक आहेत.

परंतु नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासातील सर्वाधिक भीषण अपघात याच निर्देशांकात तळाकडे असलेल्या नेदरलँड्सच्या कॉकपिटमधून घडला, हे सोयीस्करपणे विसरले जाते. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन जम्बो जेट विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ जण ठार झाले. केएलएमचे मुख्य वैमानिक हे कंपनीतील ज्येष्ठ प्रशिक्षक होते आणि सहवैमानिकाला त्या विमानासाठी पात्र ठरविणारेही तेच होते. परवानगी मिळण्यापूर्वीच त्यांनी वेग वाढवू लागताच सहवैमानिकाने एकदा त्यांना थांबविले. काही क्षणांनी त्यांनी तेच पुन्हा केले, तेव्हा तो त्यांना थांबवू शकला नाही. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे ना, अशी शंका विमान अभियंत्याने विचारली. मुख्य वैमानिकाने ठाम होकार दिला आणि विषय तेथेच संपला. आपल्या परीक्षकाची चूक लागोपाठ दोनदा दाखविणे कोणत्याही देशात अवघडच असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने अधिक बोलका आहे. १९७८ ते १९९० या काळातील, वैमानिकांच्या चुकांशी संबंधित ३७ मोठ्या अपघातांची त्यात तपासणी करण्यात आली. एरवी मुख्य वैमानिक आणि सहवैमानिक विमान चालविण्याचे काम साधारणतः वाटून घेतात. मात्र या अपघातांपैकी ८० टक्क्यांहून अधिक वेळा विमान मुख्य वैमानिकाच्या हाती होते. अधिक अनुभवी माणूस अधिक चुका करतो, असा याचा अर्थ नाही. कनिष्ठाची चूक ज्येष्ठ तत्काळ सुधारतो, ज्येष्ठाची चूक सुधारताना कनिष्ठ अडखळतो, एवढाच त्याचा अर्थ. युट फिशर आणि ज्युडिथ ओरासानू या संशोधकांनाही असेच आढळले की, तोच धोका सांगताना मुख्य वैमानिक आज्ञेचा वापर करतात आणि सहवैमानिक सूचक बोलतात. ‘साहेब, एकदा नजर टाकता का?’ या वाक्यात किती गंभीर बाब दडलेली असू शकते, हे सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७८ मध्ये पोर्टलंड येथे चाकांतील बिघाडात गुंतलेल्या मुख्य वैमानिकाला इंधन संपत आल्याची जाणीव सहकारी पुरेशा स्पष्टपणे करून देऊ शकले नाहीत आणि विमान कोसळून १० जण मरण पावले. त्यानंतर अमेरिकेत ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ओळखले जाणारे प्रशिक्षण सुरू झाले आणि ते जगभर अनिवार्य होत गेले. वैद्यकक्षेत्रानेही त्यातून धडा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तयार केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणी यादीत शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, अशी अट आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांमध्ये या यादीची चाचणी घेण्यात आली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. ज्या परिचारिकेचे नाव शल्यविशारदाला ठाऊक आहे, ती शंका विचारण्याची शक्यता अधिक असते, हा त्यामागील एक साधा विचार.

भारतीय विमान कंपन्यांत हे प्रशिक्षण नाही असे नाही. मात्र कोझिकोडच्या अहवालानुसार ते परिणामकारक नव्हते. सहवैमानिकाची बढती ज्या ज्येष्ठांच्या मतावर अवलंबून असते, त्यांच्याच शेजारी तो बसतो. हवाई दलातील हुद्दा, उड्डाणाचे तास, परदेशी नागरिकत्व, वय, यांपैकी एकही गोष्ट कॉकपिटचे दार बंद झाल्यावर बाहेर राहत नाही. अशा स्थितीत कनिष्ठाला ‘धीट व्हा’ असे सांगणे म्हणजे संस्थेने आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकणे होय. दोन्ही अपघातांत सहवैमानिक बोलला होता. त्याच्या इशाऱ्याने मुख्य वैमानिक बांधला जातो की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कंपनीच्या वागणुकीतून मिळते: अशा इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून सुखरूप उतरलेल्या ज्येष्ठाची चौकशी होते का, आणि अनाठायी ठरलेला इशारा देणाऱ्याच्या गोपनीय अहवालात काय लिहिले जाते. बेशुद्ध पडलेल्या मुख्य वैमानिकाकडून ताबा घेण्याचा सराव सिम्युलेटरमध्ये करून घेता येतो. मंगळूर आणि कोझिकोड येथे मुख्य वैमानिक शुद्धीवर होते आणि त्यांना आपल्या निर्णयाची खात्री होती. त्या परिस्थितीचा सराव ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोघांनाही एकत्र बसवून करून घ्यावा लागेल.