गुडघा बदलला, पण झोप कुठे गेली?

बडोद्याहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे : "आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन 12 दिवस झाले. दिवसा ती वॉकर घेऊन हॉलपर्यंत चालते, नातवाशी पत्ते खेळते. रात्र झाली की मात्र तिचा चेहरा उतरतो. जेमतेम दीड तास डोळा लागतो, मग पहाटेपर्यंत टक्क जागी. आता म्हणते, व्यायाम नको, फिजिओला येऊ नको म्हणून सांग. आणि शेजारच्या काकू झोपेची गोळी घेतात, त्यातली एक मागून आण. आणू का?"

ताई, गोळी आणू नका. का ते पुढे सांगते. पण तुमचा प्रश्न एकट्या तुमचा नाही. गुडघा बदललेल्या घरांत दोन-तीन आठवड्यांनी हीच तक्रार ऐकू येते : ऑपरेशन छान झालं, पण रात्र सरत नाही. म्हणून आजचा पूर्ण लेख या एका विषयावर.

रात्रीच जास्त का दुखतं?

या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात. दोन्हींच्या मध्ये खास प्रकारचं प्लास्टिक असतं. हा नवा सांधा पहिल्या दिवसापासून वजन पेलू शकतो. पण त्याच्याभोवतीची कातडी, स्नायू आणि हाड भरून यायला कित्येक आठवडे लागतात. टाके निघाले म्हणजे आतली जखम भरली असं नव्हे.

दिवसभर चालणं, व्यायाम, पाय खाली सोडून बसणं यामुळे संध्याकाळपर्यंत सूज चढते. रात्री पाय एका जागी राहिला की आखडतो. शरीरातलं सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही रात्रीच्या पहिल्या भागात कमी असतं. शिवाय दिवसा बोलायला माणसं असतात, टीव्ही असतो. रात्री सोबतीला फक्त गुडघा उरतो. वेदनेच्या काही औषधांनी दिवसा गुंगी येते आणि रात्रीची झोप मात्र तुटक होते.

पहिले 6 आठवडे झोपेसाठी सर्वांत अवघड असतात. त्यानंतर हळूहळू फरक पडतो आणि बहुतेकांची झोप तिसऱ्या महिन्यापर्यंत बरीच रुळावर येते. म्हणजे आईंचं काही बिघडलेलं नाही. तरी "होईल आपोआप" म्हणून सोडूनही देऊ नका. झोप नाही की वेदना जास्त जाणवते, वेदना जास्त की व्यायाम टळतो, आणि या सुरुवातीच्या आठवड्यांत व्यायाम टळला तर गुडघा पूर्ण सरळ होत नाही, पुरेसा वाकत नाही. पुढे मग चालताना, जिना उतरताना ते आयुष्यभर जाणवतं. रात्रीची काळजी घ्यायची ती यासाठी.

उशी कुठे ठेवायची?

सर्वांत जास्त चूक इथे होते. गुडघ्याखाली मऊ उशी घेतली की बरं वाटतं, कारण गुडघा किंचित वाकलेला राहतो. पण रात्रभर तसाच राहिला तर तो वाकलेल्या अवस्थेतच आखडू लागतो. म्हणून गुडघ्याच्या बरोबर खाली उशी घेऊन झोपायचं नाही.

पाठीवर झोपून उशी किंवा घडी केलेली चादर पोटरीच्या खालच्या भागापासून घोट्यापर्यंत ठेवा. टाच उशीच्या बाहेर मोकळी राहू द्या, म्हणजे टाचेवर दाब येऊन कातडी दुखावणार नाही. पाय बाहेरच्या बाजूला कलंडत असेल तर मांडीशेजारी सुरळी केलेला टॉवेल लावा. पायाचा अंगठा छताकडे हवा.

सूज उतरवायची तर झोपण्यापूर्वी अर्धा तास पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. त्यासाठी दोन-तीन उशा लागतील, आणि त्या संपूर्ण पायाला आधार देतील अशा लावा. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवल्याने तितका उपयोग होत नाही.

कुशीवर झोपता येईल का?

ज्यांनी आयुष्यभर कुशीवर झोप काढली त्यांना पाठीवर झोप लागणं कठीणच. तुमच्या सर्जननी हरकत घेतली नसेल तर कुशीवर झोपता येतं. ऑपरेशन झालेला पाय वरच्या बाजूला ठेवा आणि दोन्ही पायांच्या मध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत जाड उशी घ्या. लोड मिळाला तर उत्तम. फक्त गुडघ्यांमध्ये छोटी उशी घेतली तर पाऊल खाली लोंबतं आणि गुडघ्याला पीळ बसतो. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले असतील तर सुरुवातीला पाठीवरच झोपणं सोयीचं. पोटावर झोपायची घाई नको. डॉक्टर सांगतील तेव्हाच.

आपल्याकडे अनेकांना जमिनीवर गादी घालून झोपायची सवय असते. सध्या ती बाजूला ठेवा. पलंग असा हवा की काठावर बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाणार नाहीत. दिवाण फार खाली असेल तर वर एक घट्ट गादी वाढवा. पलंगावर चढताना आधी काठावर बसा, मागे सरका, मग पाय वर घ्या. पाय उचलत नसेल तर तळपायाखालून ओढणी किंवा लांब पंचा घालून दोन्ही हातांनी वर घ्या. मच्छरदाणी लावत असाल तर चढ-उताराची बाजू पूर्ण वर खोचून ठेवा. अंधारात पाय तिच्यात अडकणं धोक्याचं आहे.

गोळ्यांचं घड्याळ

वेदनेची गोळी "अगदीच असह्य झालं तर" घ्यायची, असं आपल्या घरांत मानतात. या ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे तो हिशेब चालत नाही. वेदना वाढल्यावर तिला खाली आणायला जास्त वेळ लागतो. म्हणून लिहून दिलेल्या डोसांपैकी एक डोस झोपण्यापूर्वी अर्धा ते एक तास घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून वेळापत्रक बसवा. व्यायामापूर्वीच्या डोसाचंही तसंच. गोळ्या वाढवायच्या नाहीत, फक्त त्यांच्या वेळा जुळवायच्या.

आता शेजारच्या काकूंच्या गोळीविषयी. आईंच्या औषधांत ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामक गोळी असू शकते. तिच्यासोबत झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो. वयस्कर माणसाला रात्री उठल्यावर भोवळ येते, भ्रम होतो, तोल जातो. नवा गुडघा घेऊन बाथरूममध्ये पडणं म्हणजे केलेल्या सगळ्यावर पाणी. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते, त्याही झोपेसाठी वापरू नका. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं आणि वेदनेसाठीही तेच सुरू असेल तर नकळत दुप्पट पोटात जातं.

झोपेसाठी औषध लागणारच असेल तर ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं. आणि ऑपरेशनच्या आधीपासून रोज झोपेची गोळी घेणाऱ्यांनी ती मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टरांना त्याबद्दल मोकळेपणाने सांगावं. घोरण्याच्या त्रासासाठी रात्री मशीनचा मास्क लावत असाल तर तो या दिवसांत अजिबात चुकवू नका.

तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते आणि जड पोटानेही झोप मोडते. पाणी, पपई, भाज्या, डॉक्टरांनी सांगितल्यास इसबगोल, ही तयारी पहिल्या दिवसापासून हवी.

बर्फ हवा, शेक आणि मालिश नको

झोपण्यापूर्वी 15 ते 20 मिनिटं गुडघ्यावर बर्फ ठेवला तर सूज आणि ठणका दोन्ही कमी होतात. बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, किंवा फ्रीजरमधलं मटारचं पाकीट घ्या. ते गुडघ्याचा आकार छान धरतं. मध्ये कोरडा पंचा ठेवा, जखम ओली होऊ देऊ नका, आणि बर्फ लावून झोपी जाऊ नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण गारठा कातडीला इजा करतोय हे कळतच नाही.

गरम पाण्याची पिशवी या दिवसांत नको, तिने सूज वाढते. तेल लावून मालिशही नको. आणि एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे आई-वडिलांचे पाय चेपून देणं ही माया असते. पण या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, म्हणूनच डॉक्टर रक्त पातळ करणारं औषध देतात. पोटरी दुखत असेल तर ती चेपायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. माया दाखवायची तर डोक्यावरून हात फिरवा, खांदे दाबून द्या.

दिवस नीट तर रात्र नीट

रात्री झोप नाही म्हणून दिवसा तीन-तीन तास झोपलं की रात्र पुन्हा रिकामी. दुपारी एक झोप, अर्ध्या-पाऊण तासाची, आणि तीही 3 च्या आधी. सकाळी पडदे उघडा, बाल्कनीत खुर्ची टाकून थोडा वेळ उजेडात बसा. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. संध्याकाळी 5 च्या चहातलं कॅफिन रात्री 10 ला निम्म्याच्या आसपास अंगात असतं. कडक व्यायाम दिवसा उरका, झोपण्यापूर्वी फक्त घोटा वर-खाली हलवण्याचा हलका व्यायाम करा. हळदीचं दूध घ्यायचं तर झोपण्याच्या दोन तास आधी, नाहीतर मध्यरात्री उठावं लागतं.

उठावं लागलंच तर वाट सुरक्षित हवी. पायपुसणी आणि सतरंज्या उचला, वायर भिंतीशी लावा, बाथरूमपर्यंत छोटा दिवा लावा. वीज जाणाऱ्या गावात हाताशी टॉर्च. वॉकर पलंगाला लागून, चष्मा आणि मोबाइल उशाशी. घरात भारतीय पद्धतीचं संडास असेल तर कमोड खुर्ची आणा. ती भाड्यानेही मिळते.

अर्धा तास तळमळूनही झोप येत नसेल तर पडून राहू नका. सावकाश उठा, खोलीत चार पावलं चाला, खुर्चीत बसून रेडिओ हळू लावा. झोप आली की परत पलंगावर. सारखं घड्याळ बघायचं नाही, आणि मोबाइलवर व्हिडिओ तर नाहीच.

अंधारात येणारे विचार

रात्री 2 वाजता छोटी गोष्टही मोठी वाटते. गुडघ्यातून टक्-टक् आवाज येतो, म्हणजे सांधा सैल झाला का? धातू आणि प्लास्टिक एकमेकांना टेकताना असा आवाज अनेकांना येतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटते? कातडीच्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळे तसं होतं. गुडघा काही महिने थोडा कोमट लागतो, हेही नेहमीचं. अशा शंका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीत एकेक करून विचारा.

पण इथे सकाळची वाट पाहू नका

अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर लगेच 108 किंवा 112 ला फोन करा. एकाच पोटरीत नवी वेदना आणि सूज, ताप आणि थंडी, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, औषध घेऊनही अचानक वाढलेली वेदना, किंवा पडल्यावर पाय टेकता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर हॉस्पिटलला त्याच वेळी कळवा. "रात्री कशाला त्रास द्यायचा" हा संकोच इथे महाग पडतो.

आणि तुमची झोप?

रुग्णाच्या शेजारी आणखी एक माणूस जागं असतं. बहुतेक वेळा लेक, सून किंवा बायको. दिवसभर घर आणि रात्री पहारा, असं 6 आठवडे कुणालाच झेपत नाही. मुलगे, जावई, मोठी नातवंडं यांनी रात्री वाटून घ्या. पलंगाशेजारी एक छोटी घंटा ठेवा. वाजली की उठायचं, नाही वाजली तर निवांत झोपायचं.

आजपासून वहीत रोज दोनच ओळी लिहा : काल रात्री सलग किती वेळ झोप लागली, आणि गुडघा किती वाकला, किती सरळ झाला. दोन-तीन रात्रींनी खचून जाऊ नका, एकेका आठवड्याची तुलना करा. दीड तासाचे अडीच आणि अडीचाचे चार झालेले त्याच पानांवर दिसतील. आणि दोन-तीन आठवड्यांत आकडा जागचा हलला नाही, तर तीच वही डॉक्टरांसमोर ठेवा. "झोप येत नाही" एवढं सांगण्यापेक्षा त्यांना तिचा जास्त उपयोग होईल.