आमची पोरं मुकी नाहीत, त्यांना मंच नाकारलाय

"तुमच्या वस्तीतली पोरं हुशार आहेत हो, पण बोलत नाहीत. कॉन्फिडन्सच नाही." पालकसभेत हे वाक्य ऐकलं नाही असा एक कार्यकर्ता दाखवा. वाक्य सहानुभूतीचं वाटतं, पण दोष पोराच्या माथी मारून मोकळं होतं. त्या पोराला बोलतं करायला शाळेने काय केलं, हे कुणी विचारत नाही.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावाला फळ्यापाशी बोलावलं, तेव्हा फळ्यामागचे डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलं ते हलवायला धावली. हा प्रसंग आपण दर जयंतीला सांगतो. पण फळ्यासमोरची ती चार फूट जागा म्हणजे वर्गातला मंच होता आणि तिथे कुणी उभं राहायचं हे जात ठरवत होती, एवढं सांगायचं राहून जातं. आज डबे कुणी हलवत नाही. आज 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या पोरीला सगळा वर्ग हसतो, आणि ती पोरगी दहावीपर्यंत पुन्हा हात वर करत नाही.

माझ्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलन व्हायचं. पाचवी ते दहावी मला एकच भूमिका मिळाली, भालदाराची. संवाद शून्य. मोठ्या भूमिका 'शुद्ध उच्चार' असणाऱ्यांना. शुद्ध म्हणजे कुणाच्या घरातले, हे सांगायची गरज नाही. जो आधीच बोलका आहे त्यालाच मंच द्यायचा आणि उरलेल्यांना लाजाळू ठरवायचं, हीच शाळेची रीत.

मित्रांनो, नाटकातून शिक्षण ही कल्पना आपल्याला परदेशी पुस्तकातून उसनी आणायची नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. भटजीच्या भूलथापांना फसलेलं कुणबी जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत जायला निघतं. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं. का नाकारलं असेल, ते नाटक वाचल्यावर कळतं. पुढे भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. शाळेने ज्यांना उंबऱ्यावर अडवलं, ती माणसं हजारोंसमोर ताठ उभी राहून सवाल-जवाब करत होती. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं आणि विद्यार्थ्यांनी ते उभं केलं. हा वारसा असताना आपल्या जयंतीत आज जलसा कुठे आहे? डीजेच्या भिंतीखाली गाडला गेलाय. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात वस्तीतला नाट्यवर्ग कित्येक महिने चालू शकतो.

आपलेच काही जण म्हणतील, "आधी अभ्यास, मग नाटकं." मी उलट विचारतो, तोंडी परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीत आपली पोरं कशामुळे मागे पडतात? उत्तर माहीत असूनही चार माणसांसमोर घसा कोरडा पडतो म्हणून. त्यावर टाय बांधून इंग्रजी वाक्यं घोकायला लावणारे क्लास इलाज करत नाहीत, खिसा तेवढा कापतात. पोरगं आपल्या बोलीत मोठ्याने बोललं, त्यावर वर्ग हसला नाही आणि ऐकत राहिला, की भीती मोडते. मग प्रमाण मराठी आणि इंग्रजीही येते.

म्हणून आधी मागणी करू. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर पट असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो. आपल्या शाळेत तो आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीत उभं राहून विचारा.

आणि शासनाची वाट न बघता दर रविवारी विहारात वर्ग सुरू करा. महाडचा सत्याग्रह पोरांनाच उभा करू द्या, संवाद त्यांनाच लिहू द्या. पण एक पथ्य पाळा: वर्गात असो की विहारात, मडकं-झाडूची भूमिका दर वेळी आपल्याच पोराच्या गळ्यात पडू देऊ नका. बाबासाहेबांची भूमिका एखाद्या गप्प बसणाऱ्या पोरीला द्या. त्या दिवशी ती चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेईल आणि भरल्या सभेत 'पानी' म्हणेल. तेव्हा हसायची कुणाची हिंमत होते, ते बघू.

जय भीम!