तळपदेंचं विमान, म्हणे!

हॉस्टेलवर दर सेमिस्टरला एकदा तरी शिवकर बापूजी तळपदेंचं विमान उडतंच! १८९५ साल, गिरगाव चौपाटी, पाऱ्याचं इंजिन, १५०० फूट उंची. तळपदे खरे, पण उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही. आधार म्हणून सांगतात त्या ‘वैमानिक शास्त्रा’तली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवलं.

अभिमानच हवा ना? मग मुंबईचेच शंकर आबाजी भिसे घ्या. छापखान्याचे टाइप ओतणारं यंत्र, रीतसर पेटंटं! पण त्यांचं नाव किती जणांना ठाऊक?

पुरावा मागितला की काहींना राग येतो. येऊ दे. २०१६ च्या पुरात महाडचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, माणसं गेली. उद्या असे पूल आपणच तपासणार, मित्रांनो. तिथे ‘म्हणे’ चालत नाही.