गुणगौरव कोणाचा, आणि त्यानंतर काय?

दहावीचा निकाल लागला की गोंदिया जिल्ह्यात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. लोकप्रतिनिधी, शिक्षणसंस्था, पतसंस्था, शिक्षक संघटना, समाजाची मंडळे यांचे कार्यक्रम एकामागून एक होतात. सप्टेंबरमध्ये शिक्षक दिनाच्या निमित्ताने आदर्श शिक्षक पुरस्कार येतात. आपल्या विहारांमध्येही गुणवंतांचा सत्कार ठरलेला असतो. याबद्दल आमची तक्रार नाही. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही, त्यांच्या पणतीच्या हातात पुष्पगुच्छ येतो तेव्हा समाजाला आनंद व्हायलाच हवा.

पण जिल्ह्यातल्या वस्त्यांवर काम करताना एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. या मंचावर कोण चढते, कोण कधीच चढत नाही, आणि फ्लेक्स उतरल्यावर त्या मुलाचे पुढे काय होते?

बाबासाहेबांचा सत्कार आठवू या

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच्या एका सत्काराची हकिकत सांगितली आहे. काही चरित्रांत हा सत्कार मॅट्रिकनंतरचा म्हणून येतो. बाबासाहेब स्वतः मात्र इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख करतात. इतर समाजांच्या मानाने ही काही मोठी मजल नव्हती, हेही ते मोकळेपणाने नोंदवतात. पण समाजातून इथपर्यंत पोहोचलेला हा पहिलाच मुलगा, म्हणून लोकांना सभा घ्यायची होती. रामजी सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराने परीक्षाच तर पास केली आहे, अशा कौतुकाने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लोक दादा केळुसकरांकडे गेले. केळुसकरांनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा झाली. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढे काय घडले ते आपल्याला सांगण्याची गरज नाही.

या हकिकतीत दोन गोष्टी आहेत. पहिली, तो सत्कार टक्क्यांचा नव्हता. मुलगा कुठून निघाला आणि कुठे पोहोचला, ते अंतर लोकांनी मोजले. दुसरी, केळुसकर गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत हा मुलगा नेण्यात त्यांचाच पुढाकार होता. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यातून मिळाली. आजच्या आपल्या सत्कारांत या दोन्ही गोष्टी राहून जातात.

मंचावर न दिसणारे

२०११च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८५ टक्के होती, राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त. पण सरासरीच्या आत बरेच काही झाकले जाते. गोंदिया शहरात शिकवणी वर्ग आहेत, अभ्यासिका आहेत. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलालगतच्या गावांत जिल्हा परिषदेची शाळा हाच एकमेव आधार. तिथली मुले रोवणीच्या दिवसांत धाकट्या भावंडांना सांभाळतात, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जातात आणि मग शाळेत येतात. अशा घरातली मुलगी ५८ टक्के घेऊन दहावी पास होते तेव्हा तिच्या घराण्यातली ती पहिलीच असते. तिला कोणी बोलवत नाही, कारण पत्रिकेवर छापलेली अट ८० टक्क्यांची असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले. घरात पुस्तके आहेत का, आईवडील अर्ज भरू शकतात का, साहेबाशी न घाबरता बोलता येते का, हे सगळे गुणपत्रिकेत उतरते आणि आपण त्याला फक्त हुशारी म्हणतो. जातव्यवस्थेने हे भांडवल पिढ्यानपिढ्या काहींच्याच घरात साठवले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मग आपल्याच विहारातल्या सत्कारात तीच फूटपट्टी कशाला?

शिक्षकांचेही तसेच. पुरस्कारासाठी प्रस्ताव करावा लागतो, फोटो, प्रमाणपत्रे, बातम्यांची कात्रणे जोडावी लागतात. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठीही २०१८पासून शिक्षकच स्वतःचे नामांकन करतात. हे गैर नाही. पुरस्कार मिळालेल्या अनेक गुरुजींनी आणि मॅडमनी खरेच मोठे काम केले आहे. पण द्विशिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरत बसलेला आणि दुसरा चार वर्ग एकत्र घेऊन बसलेला, तिथे प्रस्ताव कोण लिहिणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात काय चालते ते प्रत्येक गावाला माहीत आहे.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचे नाव तर कोणत्याच यादीत नसते. राज्यात त्यांना मिळते ते फक्त मानधन, तेही वर्षातले १० महिने. ज्या मुलाचे दिवसातले पहिले पोटभर जेवण शाळेत होते, त्याच्या यशात या ताईंचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

शाळाच नसेल तर

कौतुकाच्या मंचाआड दुसरेही काही घडते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजार ७०० हून अधिक असल्याचे तेव्हा पुढे आले. पुढच्या वर्षी, ५ सप्टेंबर २०२४ रोजी, राज्यभर आदर्श शिक्षकांच्या गौरवाचा दिवस असताना, शासनाने निर्णय काढला की २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतील दोन शिक्षकांपैकी एक पद कंत्राटी पद्धतीने, दरमहा १५ हजार रुपयांवर भरावे. २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन राज्यभर मोर्चे काढले. पुढे शासनाला हा निर्णय मागे घ्यावा लागला.

निर्णय मागे गेला तरी विचार मागे गेलेला नाही. कमी पटाच्या शाळा बहुतेक डोंगराळ, आदिवासी आणि दुर्गम भागात आहेत. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी, हे शिक्षण हक्क कायद्याचे मानक त्या छोट्या शाळांमुळेच पाळले जाते. गाडी देऊ, असे सांगितले जाते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी येत नाही, आणि मग मुलींची शाळा आधी सुटते.

यात आपलाही दोष आहे. थोडी मिळकत झाली की आपण मुलांना कॉन्व्हेंटमध्ये घालतो. तो पालकांचा अधिकार आहे, आम्ही कोणाला नावे ठेवत नाही. पण त्यामुळे झेडपीच्या शाळेत उरतात ती सर्वात गरीब मुले, आणि तिच्यासाठी बोलणारा माणूस गावात उरत नाही.

सत्कारानंतरचे काम

केळुसकर गुरुजींचा धडा आज कसा गिरवायचा? एकच उदाहरण घेऊ. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेतील आणि साडेतीन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलांना ती देता येते. सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये, म्हणजे एकूण ४८ हजार. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे.

निवड झालेल्या मुलाचा आपण हार घालून फोटो काढतो. पण शिष्यवृत्तीचे दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावे लागते, खाते आधारशी जोडलेले लागते. नववीत मूल विनाअनुदानित शाळेत गेले तर शिष्यवृत्ती बंद होते. दहावीला ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५५ टक्के मिळाले तरच ती पुढे चालू राहते. एका गावात सत्कार झालेल्या मुलाची चौकशी केली, तेव्हा पहिल्या वर्षानंतर एक रुपयाही आलेला नव्हता. नूतनीकरण करायचे असते हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. सत्काराचा फोटो मात्र भिंतीवर होता.

म्हणून प्रत्येक विहारातल्या तरुणांनी काही कामे वाटून घ्यावीत. गावातल्या आठवीच्या मुलांची यादी करा आणि पात्र मुलांचे अर्ज शाळेमार्फत गेले का ते पाहा. आधी निवडलेल्यांचे नूतनीकरण तपासा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, वंचित घटकांना प्रमाणात जागा असते. त्या जागांवर आपल्या आया-बहिणी प्रत्यक्ष बैठकीला जातात की नुसत्या सह्या होतात, हे विचारा. समूह शाळेचा किंवा पट कमी झाल्याचा विषय त्या समितीत आणि ग्रामसभेत येईल, तेव्हा तिथे आपले माणूस हवे.

आणि सत्कार जरूर करा, पण यादी बदला. टक्क्यांच्या अटीसोबत घराण्यातली पहिली दहावी पास मुलगी, शाळा सोडून परत आलेला मुलगा, दुर्गम शाळेत वर्षानुवर्षे टिकलेले गुरुजी, खिचडी शिजवणाऱ्या ताई यांची नावे त्यात घाला. ती आदिवासी, ओबीसी, कोणत्याही समाजाची असोत. शालीऐवजी पुस्तक द्या, आणि प्रत्येक मुलामागे पुढची चार वर्षे विचारपूस करणारा एक कार्यकर्ता नेमा.

७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदवले गेले. एनएमएमएसची परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये होते. त्या दिवशी भाषणांसोबत गावातल्या मुलांची यादी समोर ठेवली, तर अर्ज भरायला अजून वेळ आहे की नाही हे तिथल्या तिथे कळेल. रामजी सुभेदार म्हणाले होते, परीक्षाच तर पास झाला आहे. ते बरोबरच होते. पुढचे काम समाजाने करायचे असते.

जय भीम.