बिल गॅसचं, शिव्या वाऱ्याला!



सध्या ब्रिटनमध्ये एका मंत्र्याला झोडपण्याची चढाओढ लागली आहे. ऊर्जामंत्री एड मिलिबँड. नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष म्हणतो, नेट झिरो, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट, गुंडाळा, बिलं उतरतील. हुजूर पक्षाच्या केमी बेडनॉक मागे कशा राहतील? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी हवामान बदल कायदाच रद्द करण्याचं वचन दिलं. २००८ साली हा कायदा झाला तेव्हा त्यांच्याच पक्षाने त्याला पाठिंबा दिला होता. विरोधात मत देणारे खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. २०१९ मध्ये नेट झिरोचं उद्दिष्ट कायद्यात घातलं ते थेरेसा मे यांच्या हुजूर सरकारने. आता मात्र सगळं पाप एकट्या मिलिबँड यांच्या माथी!

बिल फुगतं कुठे ते आधी पाहा. घाऊक बाजारात विजेचा भाव ठरवते ती गरज भागवायला लागणारी शेवटची, सर्वांत महाग वीज. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा ती गॅसवर तयार होते. म्हणजे मंडईत शेवटची जुडी ज्या चढ्या भावाने गेली, त्याच भावाने सगळ्या मेथीचे पैसे मोजायचे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅस भडकला आणि सरकारने तिजोरीतून अब्जावधी ओतूनही सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल २,५०० पौंडांच्या आसपास गेलं. वारा तेव्हाही फुकटच वाहत होता.

मग उत्तर समुद्रातून आपलाच गॅस काढू, असं फराज सांगतात. आपला? तो कंपन्यांचा असतो, आणि कंपन्या युरोपच्या बाजारभावाने विकतात. शिवाय तिथलं उत्पादन १९९९ च्या सुमारास शिखरावर होतं, तेव्हापासून घसरतंय. मिलिबँड यांनी नवे परवाने बंद केले म्हणून समुद्र आटला नाही.

नेट झिरोने नोकऱ्या खाल्ल्या म्हणताना पोर्ट टॅल्बटच्या पोलाद कारखान्याचं नाव तर उठता-बसता घेतलं जातं. ३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमधलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र रॅटक्लिफला बंद झालं आणि वेल्समध्ये पोर्ट टॅल्बटला टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टीही विझली. दोन हजारांहून जास्त नोकऱ्यांवर गदा आली. पण टाटांच्या मुंबईतल्या बॉम्बे हाउसशी ५० कोटी पौंडांच्या मदतीचा करार ठरवला होता २०२३ मध्ये सुनक यांच्या हुजूर सरकारने, आणि भट्ट्या बंद करण्याची घोषणा जानेवारी २०२४ मधली. तेव्हा मिलिबँड विरोधी बाकांवर होते. आता तिथे विजेवर चालणारी भट्टी उभी राहते आहे. तिला गॅसच्या भावाने वीज दिली तर उरलेल्या नोकऱ्याही टिकायच्या नाहीत. कामगारांसाठी गळा काढणाऱ्यांनी हे एकदा तरी बोलावं.

मिलिबँड यांची आरती ओवाळायला हे पत्रक काढलेलं नाही. सत्तेवर येताच काही दिवसांत त्यांनी इंग्लंडमधल्या जमिनीवरच्या पवनचक्क्यांवरची २०१५ पासूनची अघोषित बंदी उठवली, पुढे २०३० पर्यंत किमान ९५ टक्के वीज स्वच्छ करण्याचं लक्ष्य ठेवलं. उत्तम. पण निवडणुकीत त्यांच्या पक्षाने २०३० पर्यंत बिल ३०० पौंडांनी उतरवण्याची भाषा केली. जुलै २०२४ मध्ये ऊर्जा नियामक ऑफजेमची वार्षिक दरमर्यादा १,५६८ पौंड होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये १,७५५. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात दीडशे पौंडांची सूट जाहीर झाली, तीही मुख्यतः बिलातला आकार करांच्या खात्यात ढकलून. एका खिशातून दुसऱ्या खिशात! विरोधी पक्षनेते असताना २०१३ मध्येही त्यांनी दर गोठवण्याची घोषणा केली होती. आकडे फेकण्याची खोड जुनीच म्हणायची.

बिल फुगवणारं आणखी एक कारण आहे. स्कॉटलंडमध्ये वारा सुटला की वीजवाहिन्या अपुऱ्या पडतात. मग पवनचक्क्या थांबवायला पैसे द्यायचे आणि दक्षिणेत गॅसकेंद्रं चालवायलाही पैसे द्यायचे. दोन्ही आपल्या बिलातून. वाहिन्यांचे मनोरे उभारायचे म्हटलं की सफोकमध्ये ग्रीन पक्षाचा खासदारसुद्धा थांबा म्हणतो! असो.

खरा घोळ जुन्या प्रकल्पांच्या कमाईत आहे. नव्या करारांत विजेचा भाव आधीच ठरलेला असतो. बाजार त्याच्या वर गेला तर कंपनीला फरक परत करावा लागतो. पण २०१७ पर्यंतच्या जुन्या योजनेतले प्रकल्प गॅसने चढवलेला बाजारभाव घेतात आणि वर अनुदानाची प्रमाणपत्रंही. गॅस महागला की त्यांची दिवाळी. या प्रकल्पांना ठरावीक दराच्या करारावर आणा, आणि वाहिन्यांचं काम तडीस न्या. बिल उतरवण्याचा रस्ता हा आहे. मंत्री बदलून तो सापडणार नाही.

तुमचा पासपोर्ट भारतीय असला, तरी इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल नागरिकाला मतदानाचा हक्क आहे. मतदारयादीत नाव घाला. हाउन्स्लो असो, स्लाव असो की वेल्स, मत मागायला कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारात आला की त्याला विचारा: विजेचा भाव गॅसपासून कधी आणि कसा सोडवणार? उत्तरात नुसतं मिलिबँड यांचं नाव आलं, शिवी म्हणून वा जयजयकार म्हणून, तर त्याला मत देऊ नका.